धरणावर जाळं टाकणाऱ्यांनी आपलं नाव कुठेकुठे लावून घ्यावं

गंगापूर, दारणा, मुकणे, चणकापूर, गिरणा, जिथे कुठे तुमचं जाळं पडत असेल तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभासद रजिस्टरला तुमचं नाव आहे का, ते आधी बघा. योजना नंतर. अपघात विमा, मत्स्यबीज (पाण्यात सोडायची माशांची पिल्लं), अनुदान, कर्जाची शिफारस, सरकारकडून जे काही खाली येतं त्यातलं बहुतेक या रजिस्टरच्या वाटेनं येतं. आणि आपल्या नाशिक जिल्ह्यात पाण्यात उतरणारा एक, रजिस्टरला नाव दुसऱ्याचं, हे मला सारखं दिसतं. नाव आजोबांचं, आणि आजोबा कधीच वारलेले. नाव थोरल्या भावाचं, तो सातपूरला कंपनीत. पहाटे अंधारात तराफा घेऊन जाणारा धाकटा मात्र कुठल्याच कागदावर नाही.

मी भोयाच्या, म्हणजे पिढ्यान्पिढ्या मासे धरणाऱ्यांच्या घरातली. गंगापूर धरणाजवळच्या गावात सीएससी, म्हणजे सरकारी फॉर्म ऑनलाइन भरून देणारं केंद्र चालवते. वडील आणि भाऊ अजून मासे धरतात, आई आणि वहिनी विकतात. म्हणून हे फॉर्म भरताना मला माणसं दिसतात, नुसते आधार नंबर नाही. हे लिहितेय ते घरातल्या ज्या मुलाला किंवा मुलीला मोबाइलवर वाचता येतं त्यांच्यासाठी. वाचा आणि आपल्या आप्पांना, काकूला बसवून समजावून सांगा.

संस्थेत नाव लावायला अर्जाच्या दोन प्रती करा. सोबत आधार, रहिवासी पुरावा, फोटो आणि भाग-रक्कम, म्हणजे संस्थेच्या शेअरचे पैसे. एक प्रत संस्थेत द्या, दुसरीवर तारीख आणि शिक्क्यानिशी पोच घ्या. पोच द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर भांडत बसू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. सहकार कायदा इथे आपल्या बाजूचा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 22 : अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेनं निर्णय कळवला नाही तर तुम्ही सभासद झालात असं कायदा मानतो. नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि त्यावर कलम 23 खाली दोन महिन्यांच्या आत सहकार खात्याच्या निबंधकाकडे अपील करता येतं. ही तीन महिन्यांची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. तारखेची पोच नसेल तर मात्र ती काहीच कामाची नाही.

सभासद वारला असेल तर वारसानं मृत्यूचा दाखला जोडून भाग आपल्या नावावर करून घ्यायचा. हे काम कुटुंबं वर्षानुवर्षं लांबवतात, कारण संस्थेत सगळे ओळखतात, 'आपलंच आहे' असं वाटतं. ओळख संस्थेत चालते, विमा कंपनीत चालत नाही.

आणि बायकांची नावं. पहाटे जाळ्यातून मासा सोडवणारी, निवडणारी, टोपलं घेऊन गावात फिरणारी बाई मच्छीमार नाही तर कोण आहे? 'घरातून एक नाव पुरे' असं सांगणारे भेटतील. ज्या बाईचा धंदाच मासळीचा आहे तिनं स्वतःच्या नावानं स्वतंत्र अर्ज करावा आणि पोच घ्यावी. हे मी फार आग्रहानं सांगते, कारण पुढे अनुदानाची टक्केवारी आली की बाईचं नाव असण्यानं किती फरक पडतो ते दिसेल.

दुसरी नोंद केंद्र सरकारच्या एनएफडीपीवर, म्हणजे राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल पोर्टलवर. ते सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झालं. मच्छीमार, मत्स्यशेती करणारा, मासळी विकणारा, प्रक्रिया करणारा, सगळ्यांची नोंद इथे होते आणि कामाची ओळख म्हणून प्रमाणपत्र निघतं. लागतं काय, तर आधार, आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर आणि बँकेचं पासबुक. अडतं ते मोबाइलवर. नंबर पोराचा असतो, पोरगा पुण्याला, ओटीपी तिकडे जातो आणि त्याचा फोन बंद. तेव्हा केंद्रावर येण्याआधी आधारला आपलाच नंबर जोडून घ्या. नावाचं स्पेलिंग आधारवर, पासबुकावर आणि संस्थेच्या यादीत एकसारखं आहे का तेही बघा. आडनाव एका ठिकाणी 'भोई' आणि दुसऱ्या ठिकाणी वेगळं, हा आमच्याकडचा नेहमीचा घोळ आहे. तो आज दुरुस्त होतो, माणूस गेल्यावर होत नाही. फॉर्ममध्ये कामाचा प्रकार निवडताना विकणाऱ्या मावश्यांनी 'गृहिणी' सांगू नये. तुम्ही मासळी विक्रेत्या आहात, तेच लिहून घ्या.

आता अपघात विमा. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण इथे घरं उघड्यावर पडतात.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांचा गट अपघात विमा आहे. वय 18 ते 70. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 5 लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर 2.5 लाख आणि अपघातात दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर 25 हजारांपर्यंत. हप्ता केंद्र आणि राज्य मिळून भरतं, मच्छीमाराला एक रुपयाही नाही. फुकट असल्यामुळेच बहुधा कोणी चौकशी करत नाही. यादी संस्थेकडून आणि मत्स्यव्यवसाय खात्याकडून वर जाते, त्यामुळे वर्षातून एकदा संस्थेच्या सचिवांना विचारा : या वर्षीच्या विमा यादीत माझं नाव गेलं का? मला दाखवा. यादीचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांना पाठवून ठेवा.

समुद्रावर निदान मोठी बोट असते. आमच्या धरणांवर थर्माकोलचा तराफा, नाहीतर ट्रकची ट्यूब. पावसाळ्याच्या तोंडाला दारणेवर, मुकण्यावर वारा उठला की लाट आडवी येते. जाळ्यात पाय अडकतो, पोहणारा माणूसही बुडतो. लाइफ जॅकेट घाला, हे बहीण म्हणून सांगते. आणि तरीही वाईट घडलंच, तर पुढच्या काही तासांत घरच्यांनी काय करायचं ते आजच ठरवून ठेवा, कारण त्या वेळी डोकं चालत नाही.

मृतदेह मिळाल्यावर परस्पर घरी नेऊ नका. पोलिसांना कळवा, आकस्मिक मृत्यूची नोंद होऊ द्या, जागेचा पंचनामा होऊ द्या. आणि शवविच्छेदन होऊ द्या. इथेच घरचे हात जोडतात : 'साहेब, चिरफाड नको, आम्हाला लवकर अग्नी द्यायचाय.' ते दुःख मला कळतं, मी अशा घरांत जाऊन बसले आहे. पण शवविच्छेदनाचा अहवाल नसेल तर मृत्यू बुडून झाला हे कागदावर सिद्ध करायला काहीच उरत नाही, आणि मागे राहिलेल्या बाईचा पाच लाखांचा दावा तिथेच लंगडा होतो. गावातल्या समजत्या माणसानं त्या क्षणी घरच्यांशी बोलायला हवं. ते काम सरपंच करतील, संस्थेचे अध्यक्ष करतील, तुम्हीही करू शकता.

पंचनाम्यात 'मासेमारी करत असताना' हे शब्द आले आहेत का ते वाचा. नुसतं 'धरणात बुडून' एवढंच लिहिलं असेल तर जाळं, तराफा, सोबत असलेल्या माणसाचा जबाब हे नोंदवायला सांगा. नंतर मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, वारसाचं पासबुक, मयताचं आधार, संस्थेचा सभासद दाखला हे सगळं एका पिशवीत ठेवून सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या नाशिकच्या कार्यालयात द्या. दहावं-तेरावं होईपर्यंत अर्ज थांबवू नका. निदान घटना लेखी कळवून पोच घ्या, बाकीचे कागद नंतर जोडता येतात.

मासेमारी बंदी किंवा मंदीच्या काळातली बचत-मदतही याच मत्स्यसंपदा योजनेत आहे. मच्छीमार स्वतःचे 1500 रुपये भरतो, सरकार 3000 घालतं आणि मिळून 4500 रुपये तीन महिन्यांत, महिन्याला 1500 असे परत मिळतात. ही गरीब पारंपरिक मच्छीमार कुटुंबांसाठी आहे, वय 18 ते 60. रक्कम लहान आहे, पण पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळ अंड्यावर असताना जाळं बंद ठेवायला तिचा आधार होतो. संस्थेच्या सभेत ठराव करून मागणी खात्याकडे पाठवा.

कर्जाकडे येऊ. किसान क्रेडिट कार्ड 2018-19 पासून मच्छीमारांनाही लागू आहे. दोन लाखांपर्यंत तारण लागत नाही, ही मर्यादा 1 जानेवारी 2025 पासून 1.6 लाखांवरून वाढवली. व्याज 7 टक्के, वेळेवर फेडलं तर 3 टक्के सूट, म्हणजे 4 टक्के पडतं. आता हे आपल्या उचलीशी ताडून बघा. जाळ्यासाठी व्यापाऱ्याकडून 50 हजार उचल घेतली की तो व्याज सांगत नाही, पण मासा त्यालाच द्यायचा आणि त्याच्या भावानं द्यायचा. किलोमागे 20 रुपये कमी धरा, रोज दहा किलो मासा, महिन्याचे पंचवीस दिवस : महिन्याला 5 हजार गेले. आणि मुद्दल तसंच उभं. तेच 50 हजार कार्डावर घेतले आणि वेळेवर फेडले तर वर्षाचं व्याज 2 हजार.

बँकेत गेलं की पहिला प्रश्न असतो : सातबारा कुठंय? आमच्या माणसांकडे सातबारा नाही, असला तर तो धरणाच्या पाण्याखाली गेलेला. मुद्दा असा सांगा की हे खेळत्या भांडवलाचं कार्ड आहे, जाळी, बीज, बर्फ, डिझेल यासाठीचं, आणि आमच्याकडे पाणी संस्थेच्या ठेक्याचं आहे. ठेक्याच्या आदेशाची प्रत, सभासद दाखला, एनएफडीपीचं प्रमाणपत्र जोडा. 22 एप्रिल 2025 ला राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. त्यानंतर निघालेल्या शासन निर्णयाची प्रत छापून सोबत न्या, काउंटरवर ठेवा. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. शाखा लेखी देत नसेल तर अग्रणी बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या बँकेच्या, जिल्हा व्यवस्थापकांकडे जा. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ महाराष्ट्र आहे. एकेकट्यानं जाण्यापेक्षा संस्थेचे दहा जण एकत्र अर्ज घेऊन गेले तर शाखेलाही काम सोपं पडतं, आणि मेळावा लावून एका दिवसात कागद तपासून होतात.

विकणाऱ्या बायांसाठी मत्स्यसंपदेत बर्फपेटीसह वाहनं होती : सायकलचा प्रकल्प खर्च 10 हजार, मोटरसायकलचा 75 हजार, तीनचाकीचा 3 लाख. अनुदान सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. म्हणजे मोटरसायकल नवऱ्याच्या नावानं घेतली तर 30 हजार, बाईच्या नावानं घेतली तर 45 हजार. भोई समाज भटक्या जमातीत येतो, अनुसूचित जमातीत नाही, त्यामुळे आमच्या घरांत 60 टक्के हवे असतील तर बाईच्याच नावानं. ही योजना 2020-21 ला सुरू झाली आणि 2025-26 पर्यंत वाढवली गेली. दर वर्षी जिल्ह्याला कुठल्या घटकासाठी किती उद्दिष्ट आलं आणि कुठली योजना चालू आहे ते एप्रिल-मेमध्येच कार्यालयात जाऊन विचारायचं, दिवाळीनंतर नाही. मंजुरीचं पत्र हातात पडल्याशिवाय कुठलीही वस्तू विकत घेऊ नका. आधी घेऊन मग बिल दाखवणाऱ्यांचं अनुदान अडकतं. नाशिक महापालिकेच्या हद्दीत रस्त्यावर बसणाऱ्या मावश्यांनी फेरीवाला म्हणूनही नोंद करावी, पीएम स्वनिधीतून पहिलं कर्ज आता 15 हजारांचं मिळतं.

इथून पुढचं खास आपल्या नाशिकचं आहे.

धरणात मासे धरायचा ठेका संस्थेला मिळतो, साधारण पाच वर्षांसाठी, आणि त्यात ठरलेलं मत्स्यबीज सोडायची अट असते. बीज घेताना हाताच्या बोटाएवढी बोटुकली मागा. जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, मोठ्या जलाशयात सोडले तर ते मोठ्या माशांच्या पोटात जातात. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या आल्या की एक-दोन पिशव्या फोडून सभासदांसमोर मोजा, मग पिशव्या तशाच बंद वीस-एक मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं झालं की सोडा. सोडतानाचा पंचनामा, सह्या, फोटो आणि बीज खरेदीची पावती संस्थेच्या फाइलला लावा. ठेक्याच्या नूतनीकरणाला हीच फाइल लागते.

पण एवढं बीज सोडल्यावर आमचं पाणी आमचं राहत नाही. पंधरा ऑक्टोबरला खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असला तर समन्यायी वाटपाच्या नियमानं नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. 2023 साली असं 8.6 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचे आदेश झाले, त्यात दारणा समूहातून 2.643 आणि गंगापूर समूहातून 0.5. मराठवाड्याची तहान खरी आहे, त्यांच्याशी आमचं भांडण नाही. मात्र मोठ्या विसर्गासोबत जुलै-ऑगस्टात सोडलेली बोटुकली खाली वाहून जाते, आणि पाणी लवकर आटलं की उन्हाळ्याचा हंगाम बुडतो. शेतीच्या नुकसानीचा पंचनामा करायला माणूस येतो, आमच्याकडे आपणहून कोणी येत नाही. म्हणून संस्थेनं काय करावं : विसर्गाची बातमी येताच जलसंपदा विभागाकडून त्या तारखांचे साठ्याचे आकडे लेखी मागून घ्या, आपले बीज सोडल्याचे पंचनामे आणि आधीच्या वर्षीच्या उत्पादनाची नोंदवही जोडा, आणि ठेका रकमेत सवलत किंवा बीजासाठी मदत मागणारा अर्ज सहायक आयुक्तांकडे द्या. रोजचा मासा किलोत लिहिणारी वही नसेल तर हा अर्ज उभाच राहत नाही. ती वही आजपासून घाला. आमच्या गावात ती वही आता सातवी-आठवीतल्या पोरी लिहितात, आणि मोठ्यांपेक्षा नीट लिहितात.

पेठ, सुरगाणा, कळवण आणि इगतपुरी, त्र्यंबक, दिंडोरी, बागलाणच्या आदिवासी भागातल्या गावांची गोष्ट वेगळी. तिथे पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे. 1996 चा कायदा आणि राज्याचे 2014 चे नियम लहान जलसाठ्यांचं नियोजन ग्रामसभेच्या हातात देतात. गावच्या पाझर तलावात कोण मासे धरणार हे बाहेरचा कोणी ठरवत असेल तर ग्रामसभा बोलवा आणि ठराव लिहा. जंगलातल्या ओढ्या-तळ्यांसाठी 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(1)(घ) आहे. मासे आणि पाण्यातली इतर उत्पादनं हा त्यात सामूहिक हक्क म्हणून लिहिलेला आहे. दावा नमुना 'ब' मध्ये करायचा. गावानं सामूहिक दावा आधीच केला असेल तर त्यात मासेमारी लिहिली आहे का बघा, कारण डिंक, मोह, तेंदू सगळं लिहिलेलं असतं आणि मासा राहून जातो.

नांदूर मध्यमेश्वरच्या काठच्या गावांनी जास्त सावध राहावं. ते अभयारण्य आहे, 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. हद्दीच्या आत परवानगीशिवाय जाळं टाकलं तर वन्यजीव कायद्याचा गुन्हा लागतो. हद्द कुठून कुठे हे तोंडी विचारू नका, नकाशाची प्रत मागा आणि संस्थेत लावा. शहराखाली गोदावरीत कधी मेलेले मासे तरंगताना दिसले, तर ते काढून फेकण्याआधी फोटो आणि तारीख घ्या, स्वच्छ बाटलीत पाणी भरा, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि मत्स्यव्यवसाय कार्यालय दोघांनाही त्याच दिवशी कळवून त्यांच्याकडून नमुना घ्यायला लावा. दोन दिवसांनी पाणी बदललेलं असतं.

शेवटी पाठपुरावा. दिलेल्या प्रत्येक अर्जाचा आवक क्रमांक वहीत लिहा. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा : माझा अमुक तारखेचा, अमुक क्रमांकाचा अर्ज आज कोणाच्या टेबलावर आहे, त्यावर काय शेरे आहेत, प्रत द्या. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. अर्ज साध्या मराठीत, कोऱ्या कागदावर चालतो. मजकूर जमत नसेल तर गावच्या केंद्रावर या, मी किंवा माझ्यासारखं कोणी लिहून देईल. येताना आधार, पासबुक, संस्थेची पावती आणि आधारला जोडलेला नंबर ज्या फोनमध्ये आहे तो फोन चार्ज करून घेऊन या.